माता, बालक व नोंदवह्या

जून महिन्याच्या आरंभीं शाळा उघडते, त्या दिवसांत आमच्या कचेरीच्या टेबलावर कागदांचा पाऊस बाहेरच्या पावसाहून कमी पडत नाहीं. यंदाच्या जूनमध्यें एक आजीबाई आपल्या नातीस पांचवीच्या वर्गांत घालण्यासाठीं घेऊन आल्या. पिशवींतून त्यांनीं चार कागद काढले : मुंबईचा जन्माचा दाखला, लसीकरणाचें कार्ड, चर्चमधील बाप्तिस्म्याचा दाखला व प्राथमिक शाळेचा दाखला. जन्मतारीख तीन कागदांवर एक होती, चौथ्यावर निराळी. आडनांव एके ठिकाणीं ‘फर्नांडिस’, दुसरीकडे ‘फर्नांडीस’, तिसरीकडे ‘फर्नाण्डीस’. आईचें नांव एका कागदावर माहेरचें, तर दुसऱ्यावर सासरचें. मीं हा घोळ दाखवितांच आजीबाई शांतपणें म्हणाल्या, “मास्तरांनू, चेडू तर ह्यांच असा. कागदांचा काय ता तुमीच बघा.”

मी कागद जुळवीत बसलों असतां त्यांनीं सहज आणखी एक गोष्ट सांगितली. “ह्येच्या आदी एक झील झाल्लो. तीन म्हयन्यांचो होवन गेलो. त्येचो कागद मात्र खंय नाय.”

विचारपूस केल्यावर कळलें कीं, तो मुलगा मुंबईच्या इस्पितळांत जन्मला. दुसऱ्या महिन्यांत आईबरोबर गांवीं आला. येथें त्याचा बाप्तिस्मा झाला. तिसऱ्या महिन्यांत खोकला व धाप लागून घरींच वारला आणि गांवच्याच सिमितरींत पुरला गेला. मरणाची वर्दी ग्रामपंचायतींत कोणीं दिली नाहीं. दुःखाच्या घरांत तें सुचावें कोणाला? परिणाम मात्र असा झाला कीं, मुंबईच्या वहींत तो जन्मला व आमच्या गांवच्या वहींत तो मेलाच नाहीं. कागदोपत्रीं तो मुलगा आज हयात असून यंदा सातवींत बसावयास हवा.

विद्यार्थ्यांनो, आई व मूल यांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांस जें कोडें रोज पडतें, तें ह्या एका कुटुंबाच्या पिशवींत सगळें सांठवलेलें आहे. यास्तव तें थोडें उलगडून सांगावें असें मनांत आलें.

आपल्या गांवांत बाळबाळंतिणीची नोंद ठेवणाऱ्या वह्या थोड्या नाहींत. उपकेंद्राची परिचारिका गरोदर स्त्रीचें वजन, रक्त, इंजेक्शनें टिपून ठेवते. आशाताई घरोघरच्या भेटी लिहितात. अंगणवाडींत मुलांचीं वजनें असतात. इस्पितळाच्या वहींत बाळंतपण कसें झालें तें असतें. ग्रामसेवकाजवळ जन्ममृत्यूचें दप्तर असतें. चर्चमध्यें बाप्तिस्म्याची व दफनाची वही असते, आणि शाळेंत आमचें जनरल रजिस्टर. ह्यांपैकीं प्रत्येक वही खरी असते. परंतु प्रत्येकीला आपल्या दाराशीं आलेलें तेवढेंच ठाऊक. परिचारिकेच्या वहीला बाळंतपणाचा शेवट कळत नाहीं. इस्पितळाच्या वहीला तें मूल पुढें चाललें, बोललें कीं गेलें, हें कळत नाहीं.

ह्या अज्ञानाची किंमत काय ती पाहूं. गरोदरपणांत अथवा त्याच्या समाप्तीनंतर ४२ दिवसांच्या आंत त्यामुळें ओढवलेला मृत्यु तो मातामृत्यु, अशी जगन्मान्य व्याख्या आहे. आतां समजा, एक मुलगी माहेरीं बाळंत झाली, सासरीं परतली, आणि बत्तिसाव्या दिवशीं तापानें वारली. जन्माची नोंद माहेरच्या तालुक्यांत, माहेरच्या नांवानें होते. मृत्यूची नोंद सासरच्या गांवीं, सासरच्या नांवानें, कारणाच्या रकान्यांत ‘ताप’ एवढेंच लिहून. दोन्ही नोंदी अक्षरशः खऱ्या आहेत. तथापि त्या शेजारीं ठेवल्याशिवाय ही बाई बाळंतपणानें गेली हें कोणास कधींच समजणार नाहीं, आणि जें समजलें नाहीं त्याचा बंदोबस्त तरी काय होणार? म्हणूनच तरुण स्त्रियांच्या मृत्यूंची यादी व जन्मांची यादी एकमेकींवर ठेवून पाहणें, ही मातामृत्यु शोधण्याची एक मुख्य वाट आहे.

आपल्या कोंकणांत हें काम विशेष बिकट होतें. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आपला रिवाज. शिवाय घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईस चाकरमानी. तेव्हां पुष्कळ मुलें जन्मतात मुंबईस व वाढतात मालवणांत. प्रसूति अवघड दिसली तर सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील बाई गोव्यास बांबोळीच्या मोठ्या इस्पितळांत नेतात. जन्ममृत्यु नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणें घटना जेथें घडली तेथेंच तिची नोंद होते; अर्थात् तें मूल गोवा राज्याच्या वहींत गेलें. आपल्या एका मुलाचे कागद जर दोन राज्यांत व तीन तालुक्यांत विखुरले, तर ते एकत्र आणणारा कोणी तरी पाहिजे कीं नाहीं?

वह्या जुळविण्याचा एक फायदा तर असा आहे कीं, ज्या मुलाचें नांव कोणत्याच वहींत नाहीं, त्याचाही सुगावा त्यानें लागतो. हें ऐकून तुम्हांस जादू वाटेल. पण रापण ओढणाऱ्यांच्या मुलांना ती समजण्यास मुळींच अडचण पडूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्क देशांत पीटर्सन नांवाच्या शास्त्रज्ञानें आपल्याकडील लेपीसारखे चपटे मासे धरले, त्यांवर खूण केली व ते पुन्हा समुद्रांत सोडले. पुढच्या खेपेस जाळ्यांत जे मासे येतात त्यांत खुणेचे किती निघतात, यावरून पाण्यांत एकंदर मासळी किती असेल याचा अदमास बांधतां येतो. खुणेचे मासे फिरून फिरून सांपडूं लागले तर एकंदर मासे थोडे. क्वचित् सांपडले तर मासे पुष्कळ.

हीच युक्ति माणसांच्या जन्ममृत्यूंस लावण्याचें श्रेय एका भारतीय संख्याशास्त्रज्ञाकडे जातें. सी. चंद्रशेखरन् यांनीं डेमिंग या अमेरिकन विद्वानाबरोबर १९४९ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठीं कलकत्त्याजवळील सिंगूर येथील दोन याद्या त्यांनीं घेतल्या : एक सरकारी निबंधकाची, दुसरी घरोघर हिंडून केलेली. हिशेब सोपा आहे. पाटीवर मांडून पाहा. मी आंकडे समजुतीपुरते घेतों. एका गांवाच्या वहींत ८० जन्म आहेत. दुसऱ्या माणसानें ती वही न पाहतां घरोघर विचारून ९० जन्म लिहून आणले. दोन्हीं याद्यांत सांपडणारीं मुलें ७२. म्हणजे दुसऱ्या यादींतील ९० मुलांपैकीं ७२ च, अर्थात् शेंकडा ८०, पहिल्या वहीस ठाऊक होतीं. पहिली वही जर शंभरांतून ऐशींच टिपते व तिच्यांत ८० आहेत, तर खरे जन्म १०० असले पाहिजेत. आतां दोन्ही याद्या मिळून भिन्न मुलें किती? ७२, अधिक फक्त पहिलींत असलेलीं ८, अधिक फक्त दुसरींत असलेलीं १८, एकंदर ९८. राहिलेलीं २ मुलें कोणींच लिहिलीं नाहींत. परंतु तीं जन्मलीं, हें दोन वह्यांनीं मिळून सांगितलें.

येथेंच आजीबाईंच्या ‘फर्नांडीस’ चा संबंध येतो. समजा, त्या ७२ जोड्यांपैकीं ८ जोड्या केवळ ऱ्हस्वदीर्घाच्या व माहेर-सासरच्या भेदामुळें जुळणाऱ्यास ओळखतां आल्या नाहींत. त्याला ६४ च जोड्या मिळाल्या. तोच हिशेब करा : ८० गुणिले ९०, भागिले ६४, उत्तर सुमारें ११२. कारकुनाच्या एका वेलांटीनें गांवांत बारा मुलें जन्मास घातलीं! उलट, एकाच आळींतल्या दोन ‘मारिया’ एकच समजल्या गेल्या, तर जिवंत मुलें कागदावरून नाहींशीं होतात. म्हणून समंजस जुळणी नुसत्या नांवावर भिस्त ठेवीत नाहीं. आईचें नांव, बापाचें नांव, जन्मतारीख, मुलगा कीं मुलगी, गांव व वाडी, हीं सर्व लक्षणें घेऊन प्रत्येकास कमीअधिक वजन दिलें जातें. आमच्या किनाऱ्यावर ‘डिसोझा’ जुळलें तर विशेष कांहीं सिद्ध झालें नाहीं, कारण ते घरोघर आहेत. एखादें विरळा आडनांव जुळलें तर खात्री पुष्कळ वाढते. आजकाल हें काम संगणक करतो खरा, परंतु जेथें त्याला शंका येते तेथें मनुष्यानें जाऊन दार ठोठवावें लागतेंच.

ह्या हिशेबांत एक खोट आहे, ती लपवून चालावयाचें नाहीं. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असें आपण गृहीत धरलें. पण ज्या घरीं ग्रामसेवकाची वही पोंचत नाहीं, त्याच घरीं दुसराही बहुधा पोंचत नाहीं. चिरेखाणीवर कर्नाटकांतून आलेल्या मजुरांचीं खोपटीं, आंब्याच्या बागेंत राखणीस राहिलेलें नेपाळी कुटुंब, वस्तीपासून दूर असलेली एखादी वाडी, हीं दोन्ही याद्यांतून गळतात, आणि हिशेब म्हणतो, सर्व ठीक आहे. गणित येथें हात टेकतें. अशा घरांतल्या बाळंतिणीसच मदतीची गरज अधिक असते. म्हणजे जिचें नांव लिहिलें जाणें अत्यंत अगत्याचें, तीच अगोदर निसटते. माझ्या मतें साऱ्या विषयांतील हें सर्वांत अवघड ठिकाण होय.

दोन याद्यांची ही पद्धति केवळ पुस्तकांत राहिली नाहीं. भारत सरकारची नमुना नोंदणी योजना, जी १९६४-६५ सालीं प्रयोगादाखल निघाली व १९६९-७० पासून सर्वत्र चालू झाली, ती ह्याच तत्त्वावर उभी आहे. निवडलेल्या गांवीं तेथेंच राहणारा नोंदणीदार, पुष्कळदां आमचाच एखादा व्यवसायबंधु किंवा अंगणवाडीची सेविका, घडतील तसे जन्ममृत्यु लिहितो. दर सहा महिन्यांनीं निराळा पर्यवेक्षक येऊन स्वतंत्रपणें घरोघर चौकशी करतो. मग दोन्ही याद्या जुळवितात, आणि जेवढें जुळत नाहीं तेवढ्यासाठीं पुन्हा त्या घरीं जातात. कोणती स्त्री गरोदर आहे हेंही टिपलेलें असतें. सबब पुढील खेपेस तिचें मूल यादींत दिसलें नाहीं, तर विचारणा होते. वर्तमानपत्रांत आपण जे आंकडे वाचतों ते येथून येतात. १९९७-९८ सालीं देशांत दर लाख जिवंत जन्मांमागें ३९८ माता दगावत असत. २०१८-२० मध्यें हा आंकडा ९७ वर आला व महाराष्ट्रांत ३३ वर. हें मोठें समाधान आहे. तथापि संख्या जितकी लहान होते, तितकी एकेक सुटलेली नोंद अधिक जड होते, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून जें काम मांडलें, त्याचा पायाही मोजणीच होता. नवजात बालकांवर घरच्या घरीं उपचार करण्यास गांवच्या स्त्रियांना शिकविण्यापूर्वीं त्यांनीं ३९ गांवांत कोण जन्मतें, कोण मरतें, हें आधीं नीट लिहवून घेतलें. दर हजार जन्मांमागें पहिल्या महिन्यांतच ६२ मुलें जात होतीं; उपचाराच्या तिसऱ्या वर्षीं हें प्रमाण २५ च्या आसपास उतरलें. आधींचा ६२ हा आंकडा कोणीं लिहिलाच नसता, तर पुढचा २५ कोणास पटला असता? पुढें २००१ सालीं ‘कोवळी पानगळ’ ह्या नांवाचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यानें तर सरकारी दप्तरांत दिसणाऱ्या बालमृत्यूंहून प्रत्यक्ष मृत्यु कितीतरी अधिक आहेत हें उघड करून मोठी खळबळ उडविली.

आतांपर्यंत एकाच काळच्या दोन वह्यांची गोष्ट झाली. परंतु वर्षानुवर्षांच्या अंतरानें लिहिलेल्या वह्याही जुळवितां येतात, आणि त्यांतून निघणारें ज्ञान कांहीं निराळेंच असतें. १९४६ सालीं हॅल्बर्ट डन या अमेरिकन अधिकाऱ्यानें अशी कल्पना मांडली कीं, प्रत्येक मनुष्याचें एक जीवनपुस्तक असतें. पहिलें पान जन्माचें, शेवटचें मृत्यूचें, आणि मधलीं पानें निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेलीं. तीं गोळा करून शिवणें, हेंच नोंदी जोडण्याचें काम.

इंग्लंडांत हार्टफर्डशायर परगण्यांत एथेल मार्गारेट बर्नसाइड नांवाच्या आरोग्याधिकारी बाई होत्या. त्यांच्या देखरेखीखालीं १९११ पासून सुईणी व परिचारिका प्रत्येक बाळाचें जन्मतःचें वजन, वर्षाचें झाल्यावरचें वजन, व तें अंगावर पितें कीं बाटलीनें, हें मोठाल्या वह्यांत लिहीत. आपण काय उपयोगाचें लिहीत आहों, हें त्या लिहिणारणींस ठाऊक नव्हतें. पुढें डेव्हिड बार्कर या वैद्यकशास्त्रज्ञाच्या सहकाऱ्यांस त्या वह्या सांपडल्या. १९११ ते १९३० ह्या काळांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या नोंदी त्यांनीं मृत्यूंच्या नोंदींशीं जोडून १९८९ सालीं प्रसिद्ध केल्या. आणि असें दिसून आलें कीं, जीं बाळें जन्मतः व वर्षाचीं होईपर्यंत हलकीं होतीं, त्यांपैकीं अधिक जण पुढें हृदयविकारानें गेले. साठ वर्षांनंतरच्या दुखण्याचें मूळ पाळण्यांत! तो पहिला निबंध पुरुषांपुरताच होता. लग्नांत ज्यांचें नांव पालटतें त्या स्त्रियांचा माग लावणें तिकडेही जडच, हें वाचून मला आमच्या रजिस्टराची आठवण झाली.

तो धागा पुण्यास येऊन पोंचला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ मध्यें पुण्याजवळच्या सहा खेड्यांत निराळा क्रम धरला : जुन्या वह्या शोधीत न बसतां नवी वही अगदीं पहिल्या पानापासून लिहावयाची. गरोदर राहण्याआधींच स्त्रियांची उंची व वजन मोजलें गेलें. सेविका दर महिन्यास घरीं जाऊन पाळीच्या तारखा विचारीत, त्यामुळें गर्भ केव्हां राहिला हें नेमकें कळे. मग आईचा आहार व कष्ट, बाळाचें जन्माचें माप, आणि तेंच मूल पुढें मोठें होईपर्यंत वरचेवर. ह्या बाळांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलो. परंतु आश्चर्य असें कीं, आमचीं बाळें हाडामांसानें किरकोळ असूनही कातडीखालील चरबी त्या मानानें राखून होतीं. मधुमेह आपल्याकडे किडकिडीत माणसांसही कां गांठतो, ह्याचें एक उत्तर येथें सांपडूं लागलें. ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर घेत, त्यांचीं बाळें अधिक भरदार होतीं, हेंही त्याच वह्यांनीं दाखविलें. आईच्या ताटांतली पालेभाजी व बाळाचें वजन हीं दोन निरनिराळ्या कागदांवर राहिलीं असतीं, तर हें कोणास दिसलें नसतें.

कोणी पालक म्हणतील, आमच्या घरचें सगळें एकत्र करून पाहण्याचा अधिकार ह्यांना कोणीं दिला? प्रश्न रास्त आहे. बाळंतपणाच्या कागदांत घरच्या अनेक नाजूक गोष्टी असतात, आणि गांव लहान असला म्हणजे नांव न घेतांही माणूस ओळखूं येतो. ह्यास्तव प्रामाणिक अभ्यासांत जुळणी होतांच नांव काढून त्याजागीं क्रमांक घालतात. नांव-क्रमांकाची यादी निराळ्या कुलुपांत राहते, आणि अभ्यास करणाऱ्यास फक्त क्रमांक दिसतात. शिक्षक म्हणून माझेंही मत असें कीं, रजिस्टर आमच्या हातीं विश्वासानें दिलेलें असतें. तें चावडीवर वाचण्यासाठीं नव्हे.

जुळणीची दगदग वांचावी म्हणून २००९ पासून सरकारनें गरोदर मातेस व बालकास संगणकावर क्रमांक देण्यास आरंभ केला, व पुढें ती पद्धति सुधारून चालविली आहे. मातेच्या कार्डावर हा क्रमांक असतो. तो माहेरीं, सासरीं, मुंबईस एकच राहिला तर अर्धें काम झालें. परंतु कार्ड सासरीं विसरून माहेरीं गेलें, कीं तेथें नवा क्रमांक पडतो व एकीच्या दोन माता होतात. तेव्हां बाळंतपणास निघतांना कपड्यांच्या बोचक्यांत कार्ड पहिल्यानें ठेवावें. जन्माची वर्दी २१ दिवसांत दिल्यास पैसा पडत नाहीं. नांव ठरलें नसेल तर तें पहिल्या वर्षांत विनाशुल्क व पुढें १५ वर्षांपर्यंत थोडी फी भरून घालतां येतें. मृत्यूसही तीच २१ दिवसांची मुदत आहे, मग तें मूल एका दिवसाचें कां असेना.

आजीबाईंच्या नातवासंबंधीं सांगावयाचें राहिलें. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करावयाची तर अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. मुलाचा बाप गणपतीच्या सुटींत मुंबईहून आला, तेव्हां आम्ही मुंबईचा जन्मदाखला काढवून घेतला; चर्चच्या वहींतून बाप्तिस्म्याचा व दफनाचा उतारा मिळाला. दोन्हीकडे बापाचें नांव व मुलाची जन्मतारीख एकच निघाली. ते कागद जोडून अर्ज तालुक्यास गेला, आणि नोव्हेंबरांत दाखला हातीं आला. आईचें नांव माहेरचें लिहावें कीं सासरचें, हा प्रश्न तेथेंही निघालाच. शेवटीं दोन्ही लिहिलीं.